ऋषिकेशचं योगा रिट्रीट, नणंद-भावजय आणि 'थोडा कम'

फेब्रुवारीत नणंदेबरोबर ऋषिकेशला बिगिनर्सच्या योगा रिट्रीटला जाऊन आले. आल्यापासून ओळखीतली प्रत्येकजण विचारतेय की कसं होतं, काय खायला देतात, आम्हाला जमेल का, म्हणून म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकावं. मला योगातलं शून्य येत होतं. नणंद जिमला जाते, वजनं उचलते, त्यामुळे तिला वाटत होतं की आपण तिथे जाऊन सगळ्यांना मागे टाकू. तिचं पुढे काय झालं ते येईलच.

जागा शोधताना कळलेली एक गोष्ट मात्र आधीच सांगते. ऋषिकेशमध्ये गल्लोगल्ली योगा स्कूल आहेत आणि त्यातल्या बऱ्याच जणांचा मुख्य धंदा म्हणजे २०० तासांचा टीचर ट्रेनिंग कोर्स. रिट्रीट म्हणून बुकिंग घेतात आणि नवख्या माणसाला त्याच वर्गात शेवटच्या रांगेत बसवतात. एका ठिकाणी मी फोनवर विचारलं तर उत्तर आलं, "चल जाएगा मॅडम, पीछे बैठ जाना." तिथेच फुली मारली. शेवटी ऋषिकेशला लागून असलेल्या तपोवनच्या वरच्या अंगाला एक छोटी जागा मिळाली, जिथे वर्गात पंधराच्या वर माणसं घेत नाहीत आणि दिवसभराचं टाइमटेबल त्यांनी न मागता पाठवलं. रूममधून गंगा दिसत नाही हेही त्यांनीच सांगून टाकलं, त्यामुळे मला ते लोक आवडलेच.

रविवार

दिल्लीमार्गे जॉली ग्रांट. हे विमानतळ नावाला देहरादूनचं, पण ऋषिकेशला जास्त जवळ, वीसेक किलोमीटर. संध्याकाळी पोचलो तेव्हा हवेत चांगलाच गारठा होता, आणि सोलरचं गरम पाणी दुपारनंतर संपतं हे ज्ञान आंघोळीला गेल्यावर झालं.

जेवणाआधी हॉलमध्ये सगळ्यांना बसवून एकेक फॉर्म दिला. बीपी, मणका, गुडघे, डोळ्यांचा काचबिंदू, हर्निया, झालेली ऑपरेशनं, गरोदरपण, सगळं विचारलेलं. आम्हाला शिकवणारे सर पौडीकडचे, तिशीतले, अगदी हळू बोलणारे. फॉर्म वाचून एकेकाला बाजूला बोलावून काय करायचं नाही ते सांगत होते. मला बीपीची गोळी चालू आहे म्हणून कपालभाती आणि डोकं खाली-पाय वर असलं काही करायचं नाही असं सांगितलं. नणंदेच्या फॉर्मवर सगळीकडे 'नाही' होतं, तर तिला विचारलं रोज किती तास झोपता? ती म्हणाली पाच-साडेपाच. सर म्हणाले, तुमचं पहिलं काम झोपणं. ती रूमवर येऊन मला म्हणते, "वहिनी, एवढे पैसे भरून झोपायला आलो का आपण?"

ग्रुप मजेदार होता. बंगळुरूचं एक आयटीतलं जोडपं, कोलकात्याच्या सत्तरीच्या आजी एकट्याच आलेल्या, चंदीगडची दोन मुलं, आणि आश्चर्य म्हणजे एक मराठी काका, औंधचे. पुण्याचं औंध नव्हे, साताऱ्याकडचं. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. मुलीने बुकिंग करून पाठवलं होतं. गुडघ्यांमुळे त्यांना मांडी घालता येत नाही म्हणून त्यांच्यासाठी भिंतीजवळ खुर्ची ठेवलेली.

सोमवार

साडेपाचला घंटा. बाहेर अंधार, लादी बर्फ. (पायमोजे न्या, दोन जोड. चटईवर उघड्या पायाने करायचं असलं तरी बाकी सगळा वेळ लागतात.)

सहाला जलनेती, म्हणजे पाण्याने नाक धुणं. मी ह्यालाच सगळ्यात जास्त घाबरत होते. अंगणात कट्ट्याजवळ ओळीने उभं केलं, प्रत्येकाच्या हातात तोटीवालं नेतीपात्र. पाणी उकळून कोमट केलेलं, अर्ध्या लिटरला साधारण एक छोटा सपाट चमचा मीठ. कंबरेतून थोडं पुढे वाकायचं, मान डावीकडे कलती करायची, तोटी उजव्या नाकपुडीला घट्ट लावायची आणि तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घेत राहायचं. दोन सेकंद काहीच होत नाही, आणि मग डाव्या नाकपुडीतून धार सुरू होते, आपोआप, आणि आपण बघत राहतो की हे माझ्याच डोक्यातून येतंय का. झणझणलं अजिबात नाही. मीठ बरोबर असेल, म्हणजे पाण्याचा खारटपणा आपल्या शरीरातल्या द्रवाइतका असेल, तर नाकाला ते परकं वाटत नाही. शेजारच्या चंदीगडच्या मुलाने मध्येच बोलायला तोंड हलवलं आणि पाणी घशात गेलं, मग त्याचं खोकणं आणि आमचं हसणं.

टीप: घरी करणार असाल तर नळाचं पाणी तसंच कधीही वापरू नका. त्यात क्वचित असणारा एक अमीबा पोटात गेला तर काही करत नाही पण नाकातून वर गेला तर जीवावर बेततं. पाणी उकळून, गार करूनच घ्या. झाल्यावर पुढे वाकून, डोकं डावी-उजवीकडे फिरवत हलकं फुंकून नाक पूर्ण कोरडं करायचं. जोरात शिंकरायचं नाही, पाणी कानाकडे जातं. सर्दीने नाक पूर्ण बंद असेल त्या दिवशी सुट्टी.

आसनांच्या तासाला पहिला अर्धा तास नुसतं उभं राहणं. ताडासन. पायाची बोटं उचला, वजन टाचेवर किती आणि पुढे किती ते बघा, गुडघे मागे ढकलू नका, दात आवळलेत का बघा. माझे आवळलेलेच होते. नणंद घड्याळाकडे बघत होती. नंतर मार्जारासन (हात-गुडघ्यांवर राहून पाठ वर-खाली करणं), भुजंगासन (पालथं पडून छाती उचलणं), आणि जो कुणी जोर लावेल त्याच्या शेजारी येऊन सर म्हणायचे, "थोडा कम." दिवसभरात हे इतक्या वेळा ऐकलं की रात्री जेवताना नणंदेने तिसरी पोळी घेतली तर बंगळुरूची मुलगी तिला म्हणाली, "थोडा कम."

मंगळवार

डोकं. सकाळपासून कपाळाच्या दोन्ही बाजूंनी ठणकत होतं. रिट्रीटमध्ये चहा-कॉफी बंद, फक्त तुळस-आल्याचा काढा, आणि मी घरी दिवसाला चार-पाच कप पिणारी. चहा अचानक तोडला की डोकेदुखी साधारण १२ ते २४ तासांत सुरू होते आणि एक-दोन दिवसांत कळस गाठते, हे सरांनी अकराच्या तासाला सांगितलं. मला ते आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही जाणार असाल तर आठवडाभर आधीपासून एकेक कप कमी करत जा.

ह्याच दिवशी नणंदेचा पाय गेला. पश्चिमोत्तानासन चाललं होतं, म्हणजे पाय लांब करून पुढे वाकणं. सरांनी सांगितलं होतं की गुडघे थोडे वाकवा, घडी घातलेल्या ब्लँकेटवर बसा, पायात पट्टा अडकवून तो धरा. हिने पट्टा बाजूला ठेवला, अंगठे पकडले आणि कपाळ गुडघ्याला लावायचंच म्हणून ओढलं स्वतःला. मांडीच्या मागे वरच्या बाजूला टचकन काहीतरी झालं. चेहरा पांढरा. सर धावत आले नाहीत, शांतपणे आले, तिला आडवं केलं, पायाखाली लोड दिला आणि तिला राग येईल इतक्या सावकाश समजावलं. मांडीमागचे स्नायू थेट बसायच्या हाडाला जोडलेले असतात. ते आखडलेले असले की कंबरेचं हाड मागे खेचलं जातं, मग वाकतं ते कंबरेतून न वाकता पाठीतून, आणि वर आपण ओढलं की ताण नेमका जोडाच्या जागी येतो. जिममध्ये ती हेच स्नायू वर्षानुवर्षं घट्ट करत आलीय. ब्लँकेट खाली घेतलं की कंबर आपोआप पुढे झुकते, म्हणून ते. पट्टे, ब्लॉक, खुर्च्या हे सगळं आपल्या पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगारांनी जगभर नेलं, आणि आपल्यालाच ते वापरायची लाज वाटते. हे शेवटचं वाक्य माझं, सरांचं नाही.

ती दुपारभर रुसून पडलेली म्हणून मी स्वयंपाकघराकडे गेले. स्वयंपाकी भैया टिहरीकडचे. जेवण सात्त्विक, कांदा-लसूण नाही, आणि पहिल्या दिवशीची दुधीची भाजी बघून मी मनातून खट्टू झाले होते. पण त्या दिवशी डाळ शिजत होती तिचा वास ओळखीचा. झाकण काढून बघितलं तर हुलगे! ते लोक गहत म्हणतात, थंडीत खातात, किडनी स्टोनवर चांगली म्हणतात, अगदी माझ्या आईसारखंच. शेजारी मंडुव्याची रोटी, म्हणजे आपली नाचणीच, फक्त आपल्या भाकरीपेक्षा पातळ आणि वर तुपाचा गोळा. आणि झंगोऱ्याची खीर, आपल्या भगरीच्या घरातलंच धान्य. मी भैयांना कुळथाचं पिठलं कसं करतात ते सांगितलं, त्यांना लसणाशिवाय ते कसं होणार हे मला नीट सांगता येईना. नणंदेला ताट रूमवर नेऊन दिलं. गहत खाल्ल्यावर ती बोलायला लागली.

बुधवार

सकाळी सूर्यनमस्कार, आणि इथे काकांनी सगळ्यांना गार केलं. मांडी घालता न येणारा, खुर्चीवर बसून प्राणायाम करणारा हा माणूस उठला आणि नमस्कार असे घातले की सर स्वतः थांबून बघत राहिले. कुठे झटका नाही, श्वासाचा आवाज नाही. फक्त सर बारा अंक मोजतायत आणि काका दहात संपवून उभे. विचारलं तर म्हणाले, "आमच्याकडं धाच." औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः रोज नमस्कार घालायचे आणि त्यांनी संस्थानातल्या शाळांमधून ते सुरू केले होते, त्यांच्या पद्धतीत दहाच अंक. काकांच्या वडिलांना शाळेत ते घालायला लागायचे, वडिलांनी काकांना शिकवले, आणि काका म्हणे डेपोत ड्युटीच्या आधी घालायचे. सरांनी मग त्यांच्याकडून दहाचा क्रम समजून घेतला. गुडघा दुखतो म्हणून पाय मागे घेताना काका वेग किती कमी करतात ते त्यांनी आम्हाला दाखवायला लावलं.

दुपारी सुट्टी होती. नणंद लंगडत का होईना पण आली. जुना लक्ष्मण झुला, १९३० सालचा, सुरक्षेसाठी बंद केलाय, त्यामुळे राम झुल्यावरून पलीकडे गेलो आणि तिथून चौरासी कुटियाला. महर्षी महेश योगींचा हा जुना आश्रम, १९६८ च्या फेब्रुवारीत बीटल्स हा इंग्लंडचा गाजलेला बँड इथे ध्यान शिकायला येऊन राहिला होता. नंतर वर्षानुवर्षं ओस पडला होता, आता वनखात्याकडे आहे, राजाजी व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत. गोल दगडगोट्यांच्या ध्यानाच्या कुट्या आहेत, आत वाकून शिरायचं. मोडक्या भिंतींवर चित्रं, आणि सगळीकडे लंगूर. नणंद एका कुटीत पाच मिनिटं बसते म्हणाली आणि चांगला अर्धा तास बाहेर आली नाही, मी काळजीने डोकावले तर झोपलेली.

संध्याकाळी परमार्थ निकेतनची आरती. सुंदर असते, पण गर्दी भरपूर, पायरीवर जागा हवी तर अर्धा-पाऊण तास आधी जाऊन बसा आणि वेळ सूर्यास्ताप्रमाणे बदलते ती विचारून घ्या. शहरात त्रिवेणी घाटावरही मोठी आरती होते. पाणी फेब्रुवारीत हिरवट, नितळ आणि इतकं थंड की पाय घातल्यावर मी 'आई गं' ओरडले.

टीप: श्रावणातल्या कावडयात्रेत आणि मे-जूनच्या शनिवार-रविवारी शांततेच्या अपेक्षेने ऋषिकेशला जाऊ नका. एकदा यात्रेकरूंची गर्दी, एकदा चारधाम आणि राफ्टिंगवाल्यांच्या गाड्या. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च बरं. आणि हातात पिशवी दिसेल अशी धरून पुलावरून चालू नका, माकडं ती घेतात.

गुरुवार

उठल्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत मौन. मोबाइलही ऑफिसात जमा. मला वाटलं होतं नणंदेला जड जाईल, पण ती मजेत होती. मलाच सुचेना. बोलायचं काही नव्हतं, पण 'मीठ दे गं' सुद्धा म्हणता येत नाही म्हटल्यावर हात कुठे ठेवायचे कळत नव्हतं.

दहाच्या सुमाराला व्हरांड्यातून चालले होते आणि चहाचा वास आला. खरा, दूध-साखरेचा नव्हे, पण पक्का दार्जिलिंगचा. वासामागे गेले तर कोलकात्याच्या आजींच्या रूमचं दार अर्धं उघडं, आत खिडकीत इलेक्ट्रिक केटल, आणि आजी मांडीवर कप घेऊन बसलेल्या. माझी आणि त्यांची नजरानजर झाली. दोघींनाही बोलता येत नव्हतं. आजींनी एक बोट ओठावर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने स्टीलचा पेला पुढे केला. मी दार लावून घेतलं. अर्धा पेला चहा प्यायले असेन, पण काय चहा होता तो. नंतर मौन सुटल्यावर आजींनी सांगितलं की त्या पन्नास वर्षं सकाळी एकच कप पितात, सरांना पहिल्याच दिवशी सांगितलंय, सरांनी काय म्हटलं असेल ते ओळखा. 'थोडा कम.' म्हणून अर्धाच कप. बीटल्समधला रिंगो स्टार इथलं जेवण सोसणार नाही म्हणून येताना डबाबंद बीन्स घेऊन आला होता म्हणतात आणि थोड्याच दिवसांत परत गेला. आजी केटल घेऊन आल्या आणि शेवटपर्यंत राहिल्या.

दुपारी योगनिद्रा. पाठीवर पडायचं, अंगावर ब्लँकेट, आणि सर एकेक अवयवाचं नाव घेतात तिकडे लक्ष न्यायचं. उजव्या हाताचा अंगठा, पहिलं बोट, दुसरं बोट. 'सोना नहीं है' असं तीनदा बजावलेलं. डाव्या पायापर्यंत पोचायच्या आत काकांचं घोरणं सुरू. मग बंगळुरूचा मुलगा. सर थांबले नाहीत, आवाज थोडा वाढवून पुढे चालू. नणंद जागी होती, आणि नंतर म्हणाली की सगळ्या आठवड्यात पहिल्यांदा तिला मांडीतलं दुखणं नेमकं कुठे आहे, किती आहे ते नीट जाणवलं, ओढून बघायची इच्छा न होता.

संध्याकाळी पाऊस आला. हिमालयात त्या दिवसांत असा येतो, पश्चिमेकडून. पत्र्यावर रात्रभर वाजत होता आणि थंडी एकदम वाढली. एक्स्ट्रा रजई मागितली, मिळाली.

शुक्रवार

कुंजापुरीला सूर्योदय बघायला पहाटे साडेचारला निघायचं होतं आणि पाऊस थांबला होता पण ढग होते. निम्मी माणसं रजईतच राहिली. साधारण पंचवीस किलोमीटरचा घाट, वर तीनशेच्या आसपास पायऱ्या, देवीचं मंदिर, शक्तिपीठ मानतात. काका गाडीतच थांबतील असं वाटलं होतं, पण ते पायऱ्या चढले, दर दहा पायऱ्यांना थांबत. नणंद त्यांच्याबरोबरीने. एरवी ही माझ्या पुढे तरातरा जाते आणि वरून 'वहिनी, चला ना' ओरडते.

वर वारा असा की डोळ्यातून पाणी. पूर्वेला नुसता राखाडी पडदा. चहावाला (हो, प्यायले) म्हणाला थांबा. आणि सात वाजायच्या सुमाराला पावसाने धुतलेल्या हवेत उत्तरेकडचा ढग खालून फाटत गेला आणि बर्फाची रांग दिसली, आधी गुलाबी, मग पिवळट, मग डोळ्याला टोचेल अशी पांढरी. पुजाऱ्यांनी बोटाने दाखवत नावं सांगितली, बंदरपूंछ, चौखंबा. फोटोत काहीच आलेलं नाही, सगळ्यांच्या मोबाइलमध्ये पांढऱ्या रेघा आहेत.

टीप: कानटोपी, हातमोजे. रिकाम्या पोटी घाट लागतो त्यांनी गोळी आधी घ्यावी. परतल्यावर त्या दिवशी सरांनी आसनं घेतलीच नाहीत, फक्त पाय भिंतीला वर लावून वीस मिनिटं पडायला सांगितलं. (मला तेही नाही, बीपीमुळे पोटऱ्या खुर्चीवर.)

शनिवार

शेवटच्या तासाला सरांनी प्रत्येकाला घरी करायचं एका कागदावर लिहून दिलं. माझ्या कागदावर ताडासन, मार्जारासन, अनुलोम-विलोम, शवासन, सगळं मिळून वीस मिनिटं. बंगळुरूच्या जोडप्याला भरपूर काही होतं. नणंदेच्या कागदावर तीनच ओळी, भ्रामरी (भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडणं), शवासन आणि 'सात तास झोप', आणि पाय पूर्ण बरा होईपर्यंत पुढे वाकणं बंद. ती म्हणाली, "सर, बस इतना?" सरांनी नुसतं तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "हां हां, समझ गयी."

आता ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी राहिलेलं. वर्गात किती जण असतात आणि टीचर ट्रेनिंगवाले त्यातच असतात का हे पहिलं विचारा. दिवसाला आसनं किती तास ते विचारा, नवख्याला दोन सत्रं पुरेत, पाच-सहा तास घेतो म्हणणाऱ्यापासून लांब राहा. येताना तब्येतीचा फॉर्म भरून घेत नसतील तर स्वतःहून सांगा, आणि सांगितल्यावर त्यांनी काही बदललं नाही तर तो व्यायाम करू नका. कपडे सैल पण पायाशी इलॅस्टिकवाले, नाहीतर पाय वर केले की पायजमा गुडघ्यावर येतो. आपली एक सुती चादर चटईवर टाकायला. मांसाहार आणि दारू ऋषिकेश शहरात मिळत नाही, तो प्रश्नच नाही. दोघींनी शेअरिंग रूम घेतली की खर्च बराच कमी होतो, पण घोरण्याचं आधी एकमेकींना सांगून ठेवा. आणि केटल नेणार असाल तर प्लग कुठे आहे ते बघून मगच रूम ठरवा, आमच्या रूमला एकच होता आणि तो बाथरूमच्या दाराबाहेर.